अंधांच्या जुन्या बोलक्या पेट्या: पहिली शोधण्यापासून ती बोलती करेपर्यंत

मागच्या पावसाळ्यात अंबड लिंक रोडला एका भंगारवाल्याने माझ्या हातात वहीएवढी एक पेटी ठेवली. "दादा, मोडेम आहे. पाहिजे तर किलोवर घ्या." मी तिच्यावरून बोटं फिरवली. वर बारीक छिद्रांची जाळी. मागे पंचवीस पिनांचं सॉकेट आणि शेजारी अडॅप्टरचं गोल भोक. कडेला फिरणारं चाक, त्याच्या खाली इअरफोनचं भोक. मोडेमला इअरफोन कशाला लागेल? घरी आल्यावर भाच्याने लेबल वाचलं, आणि ती निघाली संगणकाला बाहेरून जोडायची बोलणारी पेटी, म्हणजे स्पीच सिंथेसायझर.

मी जन्मांध आहे. ही जुनी यंत्रं शोधायची आणि पुन्हा बोलती करायची हे माझं गेल्या काही वर्षांचं वेड आहे. नाशिकमधून अधूनमधून कुणीतरी विचारतं, सुरुवात कशी करायची? त्यांना फोनवर जे सांगतो ते इथे लिहून ठेवतो. डोळस वाचकांनीही वाचावं, कारण या कामात दोघांचे हात लागतात.

आधी हे यंत्र का होतं ते समजून घ्या, म्हणजे हातात आल्यावर ओळखता येईल. १९८०च्या दशकातल्या साध्या पीसीला आवाज असा नव्हताच, फक्त बीप. साउंड कार्ड नंतर आलं. त्यामुळे पडद्यावरचा मजकूर ऐकायचा तर मजकूर वाचणारा प्रोग्रॅम संगणकात आणि आवाज काढणारं यंत्र बाहेर, अशी विभागणी होती. संगणकाने सीरियल केबलमधून अक्षरं पाठवायची, पेटीने त्यांचे उच्चार करायचे. ॲपल-२ संगणकासाठी एको-२ नावाचं कार्ड होतं. १९८४ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीने डेकटॉक आणलं, किंमत सुमारे ४००० डॉलर. त्यामागचं संशोधन एमआयटीतल्या डेनिस क्लॅट यांचं. स्टीफन हॉकिंग यांचा जो आवाज सगळ्या जगाने ऐकला तोही क्लॅट यांच्याच कामातून आलेला. पुढे पेट्या लहान आणि स्वस्त झाल्या: डेकटॉक एक्सप्रेस, डबलटॉक एलटी, ॲक्सेंट एसए, ऑडॅप्टर, युरोपात अपोलो. १९८९ मध्ये टेड हेंटर यांच्या कंपनीचा जॉज हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचणारा प्रोग्रॅम, विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीवर आला, तेव्हा तो अशाच पेट्यांच्या तोंडून बोलायचा.

आज फोन फुकटात बोलतो, मग ही उठाठेव कशाला, असं विचारणारे भेटतील. माझं उत्तर असं की एकदा हाताखाली घेऊन बघा. कळ दाबली की पेटीचा आवाज त्याच क्षणी तुटतो आणि नवीन अक्षर सुरू होतं. आजच्या कित्येक लॅपटॉपमध्ये साउंड कार्ड वीज वाचवायला झोपलेलं असतं आणि उठता उठता पहिलं अक्षर गिळून टाकतं. जो माणूस दिवसभर कानाने वाचतो त्याला हा फरक बोटाच्या टोकाला जाणवतो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ही यंत्रं आमच्या माणसांच्या रोजच्या कामाची होती. त्यांच्यावर लोकांनी नोकऱ्या केल्या, परीक्षा दिल्या. ती मोडेम म्हणून वितळवली जाऊ नयेत.

कुठलं यंत्र आधी घ्यायचं

सीरियल केबलने बाहेरून जोडायची बोलणारी पेटी. दुसरं काही नाही. नवखा माणूस भुलून भलतंच घेतो म्हणून बाकीच्यांबद्दल सांगतो.

संगणकाच्या पोटात बसणारी कार्डं, उदाहरणार्थ डबलटॉक पीसी, स्वस्तात मिळाली तरी त्यांना आयएसए स्लॉट, म्हणजे जुन्या मदरबोर्डवरची कार्डाची खाच, लागतो. तसा मदरबोर्ड शोधणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

ब्रेल अँड स्पीक हे सुंदर यंत्र आहे. डीन ब्लेझी यांच्या कंपनीने ते १९८७ मध्ये काढलं. सहा ठिपक्यांच्या सहा कळा आणि एक स्पेस, बस्स. पडदा नाहीच. ब्रेलमध्ये लिहायचं आणि आवाजात ऐकायचं. पण त्याची बॅटरी जवळजवळ नक्की मेलेली असते. ते दुसऱ्या नंबरला घ्या.

ब्रेल डिस्प्ले म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोटाखाली ब्रेल ठिपक्यांत उभा करणारं यंत्र. त्यात प्रत्येक ठिपका वीज दिली की वाकणाऱ्या पिझो पट्टीवर उभा असतो आणि ती पट्टी वाकवायला २०० व्होल्टच्या आसपास विद्युतदाब लागतो. करंट अगदी थोडा असतो, तरी चालू यंत्र उघडून आत बोट घालू नका. अडकलेले ठिपके साफ करता येतात, पण मेलेला सेल, म्हणजे एका अक्षराच्या ठिपक्यांचा संच, बदलायचा म्हणजे महाग. घ्यायची वेळ आलीच तर चालू करून सगळ्या ओळीवरून बोट फिरवा, एकेक ठिपका वर येतो की नाही ते मोजा, मगच पैसे द्या.

आणि ऑप्टाकॉन. याच्याबद्दल थोडं जास्त बोलल्याशिवाय मला राहवत नाही. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन लिनव्हिल यांची मुलगी कँडी अंध होती. तिला छापील पुस्तक स्वतः वाचता यावं म्हणून त्यांनी जेम्स ब्लिस यांच्याबरोबर हे यंत्र घडवलं, १९७१ मध्ये ते बाजारात आलं. उजव्या हाताने छोटा कॅमेरा ओळीवरून सरकवायचा, डावी तर्जनी यंत्राच्या खाचेत ठेवायची. खाचेत १४४ बारीक पिना, २४ आडव्या ओळी आणि ६ उभ्या रांगा. कॅमेऱ्याखाली जे अक्षर येईल त्याचा आकार त्या पिना बोटाखाली थरथरवतात. ब्रेल नाही, उच्चार नाही, सरळ अक्षराचा आकार. म्हणजे लिपी कुठलीही चालते, आपली देवनागरीसुद्धा, शिरोरेघेसकट. १९९६ मध्ये उत्पादन थांबलं. कुणाकडे दिसलं तर त्याला हात लावून या, त्या घरच्यांना त्याची किंमत सांगा. दुरुस्तीला मात्र पहिल्याच फटक्यात घेऊ नका.

नाशिकमध्ये शोधायचं कुठे

दुकानात मिळणार नाही. ही यंत्रं कपाटांत असतात: एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या घरी, परदेशातून परतलेल्या नातेवाइकाच्या बॅगेत, शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या वरच्या फडताळात. आधी माणसांना विचारा. सातपूरला नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, या संस्थेच्या महाराष्ट्र शाखेचा परिसर आहे, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या जुन्या मंडळींशी गप्पा मारा. यंत्र नाही तरी ते वापरलेला माणूस भेटेल, आणि सुरुवातीला तेच जास्त उपयोगी. कुठली कळ कशासाठी हे जुन्या वापरणाऱ्याच्या बोटांना पाठ असतं.

भंगारवाल्यांकडे आणि बुधवारच्या बाजारात जाल तेव्हा "अंधांचं यंत्र आहे का" असं विचारू नका, त्यांना ते माहीत नसतं. "जुनं मोडेम, जुना प्रिंटर स्विच, स्पीकरवाली पेटी" असं विचारा. आणि अडॅप्टरच्या ढिगात हात घालायची परवानगी मागा. पेटीचा मूळ अडॅप्टर बहुतेक वेळा त्याच गोणीत असतो, आणि तो मिळाला तर अर्धं काम झालं.

घेताना तीन गोष्टी बघा, तिन्ही डोळ्यांशिवाय जमतात. हलकेच हलवून आत काही सुटं वाजतं का. सॉकेटमधल्या पिना बोटाला सरळ लागतात का. आणि नाकाशी धरा. फुटलेल्या कपॅसिटरला मासळीसारखा वास येतो, जळलेल्या ट्रान्सफॉर्मरला करपट. तिथल्या तिथे प्लगमध्ये घालून "चालतंय का बघू" असं कुणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा.

वीज: इथेच घाई नडते

माझी पहिली पेटी मी स्वतःच्या हाताने मारली. अमेरिकेहून आलेली, सोबत तिचा मूळ अडॅप्टर. पिना आपल्या सॉकेटमध्ये बसेनात म्हणून वीस रुपयांचा कन्व्हर्जन प्लग आणला आणि बटण दाबलं. पेटीने आवाज काढला, अर्धा शब्द. मग खालून ऊब आली, मग वास. तो अर्धा शब्द मला अजून ऐकू येतो. अडॅप्टर १२० व्होल्टचा होता, आपल्या घरात २३० येतात. कन्व्हर्जन प्लग फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही.

तेव्हा आधी लेबल वाचून घ्या. इनपुटला १०० ते २४० असं लिहिलं असेल तर निर्धास्त राहा. फक्त ११० किंवा १२० असेल तर स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल. इलेक्ट्रिकच्या दुकानात याच नावाने मागा. इस्त्री-हीटरसाठी मिळणारा हलका प्रवासी कन्व्हर्टर नको, त्याची वीज इलेक्ट्रॉनिक यंत्राला सोसत नाही.

मूळ अडॅप्टर हरवला असेल तर चार गोष्टी जुळायला हव्यात: आउटपुटचे व्होल्ट, अँपिअर (मूळ आकड्याइतके किंवा जास्त), टोकाची पोलॅरिटी म्हणजे आतलं टोक प्लस की मायनस, आणि एसी की डीसी. चौथी गोष्ट सगळे विसरतात. त्या काळातले काही अडॅप्टर एसीच बाहेर देतात. अंध मित्रांनो, फोनवरचं मजकूर वाचणारं ॲप लेबलवरचे आकडे नीट सांगतं, पण एसी दाखवणारी नागमोडी रेघ आणि पोलॅरिटीचं गोलांचं चित्र सरळ सोडून देतं. तेवढ्या दोन चिन्हांपुरतं कुणातरी डोळस माणसाला विचारा. मी भाच्याला विचारतो आणि त्याने सांगितल्यावर पुन्हा एकदा विचारतो. तो वैतागतो, मी ऐकत नाही.

पोटात बॅटरी असेल तर

वीज देण्याआधी तिचा निकाल लावा. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या फुटून पाझरतात आणि सर्किटचे तांब्याचे मार्ग खातात. झाकण उघडल्यावर बोटाला मिठासारखी खरखर लागली तर तीच ती. पातळ हातमोजे घाला. बॅटरी काढा, खरखर ब्रशने झाडा, कापसाच्या बोळ्याला थोडं पांढरं व्हिनेगर लावून पुसा, कारण तो पाझर अल्कलीचा असतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दिवसभर वाळू द्या. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कॅडमियम विषारी आहे, ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाकडेच द्या.

एक अपवाद सांगतो. ब्रेल अँड स्पीकसारख्या यंत्रांत लिहिलेला मजकूर बॅटरीच्या जिवावरच टिकतो. यंत्र अजून धुगधुगी धरून असेल तर बॅटरी काढण्याआधी आतल्या फायली सीरियल केबलने बाहेर घ्या. त्यात कुणाच्या तरी नोंदी असतात, फोन नंबर, पत्रं, हिशेब. त्या त्या घरी परत द्या. विचारल्याशिवाय वाचू नका.

केबल

पेटीला २५ पिनांचं किंवा ९ पिनांचं आरएस-२३२, म्हणजे जुन्या पद्धतीचं सीरियल, सॉकेट असतं, तुमच्या लॅपटॉपला यूएसबी. मधे यूएसबी-सीरियल केबल लागते. एमजी रोड-शालिमार भागात संगणकाच्या सुट्या वस्तू विकणाऱ्यांकडे विचारा, पण दोन सावधगिऱ्या बाळगा. शक्यतो एफटीडीआय कंपनीच्या चिपची घ्या. स्वस्त केबलमधल्या जुन्या किंवा नकली चिपना विंडोजचे नवे ड्रायव्हर चालत नाहीत, आणि तुम्ही पेटीला दोष देत बसता. दुसरं, आर्डुइनोवर (हौशी इलेक्ट्रॉनिक्सच्या छोट्या बोर्डवर) खेळणाऱ्या पोरांकडे मिळणारी उघडी छोटी पट्टी घेऊ नका. ती ३.३ किंवा ५ व्होल्टवर चालते. आरएस-२३२वर उणे-अधिक बारा व्होल्टपर्यंत सहज असतात, पट्टी जळेल.

आता पिना. एका बाजूची बोलायची पिन दुसऱ्या बाजूच्या ऐकायच्या पिनेला मिळायला हवी. काही पेट्या सरळ केबलने बोलतात, काहींना आडवी-तिडवी, म्हणजे नल-मोडेम केबल लागते. मॅन्युअल नसेल तर मल्टिमीटर घ्या (बोलणारे मल्टिमीटरही मिळतात). मीटरची काळी वायर ग्राउंडला लावा: ९ पिनांत पाचवी, २५ पिनांत सातवी. लाल वायर २ आणि ३ नंबरच्या पिनांना आळीपाळीने लावा. यंत्र चालू पण गप्प असताना जी पिन उणे पाच ते उणे बारा व्होल्ट दाखवते ती बोलणारी. संगणकाच्या केबलवर आणि पेटीवर हीच तपासणी करा. दोन्हीकडच्या बोलणाऱ्या पिना एकमेकींसमोर येत असतील तर नल-मोडेम लागेल, नाहीतर सरळ. चुकून उलटं जोडलं तरी घाबरू नका, आरएस-२३२ची ठेवणच अशी आहे की तेवढ्याने काही जळत नाही.

पहिला शब्द

टर्मिनल प्रोग्रॅम, म्हणजे टाइप केलेली अक्षरं केबलमधून पाठवणारा प्रोग्रॅम, उघडा. विंडोजवर टेरा टर्म किंवा पुटी, लिनक्सवर मिनिकॉम. वेग ९६००, डेटा ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. बहुतेक पेट्या याच आकड्यांवर ऐकतात. इंग्रजी अक्षरांत एखादा शब्द लिहा आणि एंटर दाबा. एंटर विसरू नका, वाक्य संपलं हे कळेपर्यंत पेटी अक्षरं पोटात धरून बसते. कितीतरी चांगल्या पेट्या एका एंटरवाचून मेलेल्या ठरल्या आहेत.

भंगारातली ती "मोडेम" आम्ही रात्री साडेदहाला जोडली. भाच्याने इंग्रजीत नाशिक लिहिलं. काही नाही. "मामा, गेलीय ही." मी कडेचं चाक चाचपलं, ते पार शून्यावर होतं. फिरवलं, त्याला म्हटलं पुन्हा लिही. आणि जाड, नाकातला, अमेरिकन वळणाचा आवाज आला: "नॅशिक." चाकात धूळ असल्याने खरखर होती, पण शब्द स्वच्छ. आम्ही त्या रात्री तिच्याकडून घरातल्या सगळ्यांची नावं म्हणवून घेतली. ळ तिला जमत नाही, ण तर नाहीच. पिंपळगावचं तिने जे केलं ते इथे लिहिता येणार नाही.

आवाज आला नाही तर या क्रमाने तपासा: चाक, इअरफोन लावून बघणं (आतला स्पीकर मेलेला असू शकतो), केबल उलटसुलट, मग वेग १२०० किंवा २४०० करून बघणं. अक्षरं तुटक येत असतील, मधेच शब्द गळत असतील तर टर्मिनल प्रोग्रॅममधलं फ्लो कंट्रोल, म्हणजे पेटीने संगणकाला "थांब" सांगायची सोय, बदला.

डेकटॉक हाती लागलं असेल तर त्याचे आवाज बदलून बघा. चौकोनी कंस उघडा, कोलन, मग इंग्रजी एन आणि बी, कंस बंद: बेटी नावाच्या बाईचा आवाज येईल. बीच्या जागी पी लिहिलं तर पॉल, एच लिहिलं तर घोगरा हॅरी, के लिहिलं तर किट नावाचं पोर. त्याची जुनी मॅन्युअल्स बिटसेव्हर्स या संकेतस्थळाच्या संग्रहात स्कॅन करून ठेवलेली आहेत.

रोजच्या कामाला लावायची असेल तर

लिनक्स वापरा. लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, स्पीकअप नावाचा स्क्रीन रीडर आहे आणि २०२० पासून तो मुख्य कर्नलचा अधिकृत भाग आहे. डबलटॉक, डेकटॉक एक्सप्रेस, ॲक्सेंट, अपोलो, ऑडॅप्टर, अगदी ब्रेल अँड स्पीकसुद्धा त्याला ओळखू येतं. तुमच्या पेटीच्या नावाचं मॉड्यूल, म्हणजे तिचा ड्रायव्हर, चढवायचं आणि यूएसबी केबल वापरत असाल तर त्याला ते पोर्ट सांगायचं. मग नंबर पॅडवर ८ दाबलं की चालू ओळ, ७ ला मागची, ९ ला पुढची, ५ ला शब्द, २ ला अक्षर. हे फक्त मजकुराच्या काळ्या कन्सोलवर चालतं, खिडक्या-चित्रांच्या डेस्कटॉपवर नाही. पण संगणक सुरू होताना खाली ज्या ओळी धावतात, ज्या आम्हाला एरवी कुणीतरी वाचून दाखवाव्या लागतात, त्या ही पेटी स्वतः वाचते. तेवढ्यासाठी मी एक जुना पीसी कायम तिला जोडून ठेवला आहे.

मराठी मात्र या पेट्यांकडून मागू नका, बहुतेकींची भाषा इंग्रजी. मराठी ऐकायला आजचा ई-स्पीक हा बोलणारा प्रोग्रॅम आहे. मराठी जुन्या यंत्रावर वाचायचीच असेल तर रस्ता ब्रेल डिस्प्लेचा. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी ठरलेली भारती ब्रेल त्याच सहा ठिपक्यांत बसते. यंत्र अमेरिकेचं असो की जर्मनीचं, ठिपके तेच. बीआरएलटीटीवाय हा प्रोग्रॅम कितीतरी जुन्या सीरियल डिस्प्लेंना आजही चालवतो.

सांभाळणं

पावसाळ्याचे चार महिने पेटी प्लास्टिकच्या घट्ट डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. महिन्यातून एकदा बाहेर काढून अर्धा तास बोलू द्या, आतला ओलावा निघून जातो. आवाज चांगला येत असतानाच इअरफोनच्या भोकातून रेकॉर्ड करून ठेवा, सगळे आवाज, सगळे वेग.

आणि पहिल्याच दिवशी, पेटी बोलली की लगेच, अडॅप्टरवर तिचं नाव आणि व्होल्ट ब्रेलमध्ये टोचून चिकटवा. डोळसांनी शाईने लिहावं, पण ब्रेलही लावावं. काळ्या अडॅप्टरच्या ढिगात सगळे हाताला सारखेच लागतात.